सूनबाई विचारते

सोमवारी दुपारच्या चहाला यंत्र मराठीत बोललं. ‘बाई मागे उभी असेल, तर आज नको,’ असं ते म्हणालं आणि लगेच त्याच कोरड्या, ना बाईच्या ना पुरुषाच्या आवाजात त्याने विचारलं, ‘हा नियम समजायचा का?’ राजलक्ष्मीच्या हातातला कप बशीवर जरा जोरात टेकला. बाकी शाखेत काहीच घडलं नव्हतं. पंखा फिरत होता, शेजारच्या टेबलावर रमाकांत शेंगा सोलत होते, दाराशी दोन माणसं हिंदीत हुज्जत घालत होती. पण तिला वाटलं, आपण न्हाणीघरात आहोत आणि कुणीतरी दार लोटून आत आलं आहे. उन्हाळ्यापासून ते यंत्र तिच्या टेबलावर बसून होतं, एक पडदा आणि डबीएवढा माइक, आणि आजवर हिंदीतच बोलत आलं होतं. ते वाक्य मात्र तिचं होतं. तिने ते यंत्राला कधीच सांगितलं नव्हतं. ते ती रमाकांतांना सांगायची, मान वर न करता, समोर माणसं उभी असताना.

ग्वाल्हेरच्या लष्कर नगर मंडळाच्या नामांतर शाखेत तिचा जन्म गेला होता. कुणाचे वडील वारले की घर वारसांच्या नावावर चढवायचं, एवढंच इथलं काम. वारसांनी शाखेत यायचं, ज्याला हिस्सा नको असेल त्याने तसं सांगून संमतीची सही करायची, मग नाव चढायचं. हिस्सा बहुतेक वेळा बहिणींनाच नको असायचा. मंडळात भरती कित्येक वर्षं बंद होती, जुनी माणसं एकेक करून घरी चालली होती आणि या महिनाअखेर राजलक्ष्मी आणि रमाकांत एकाच दिवशी निवृत्त झाले की शाखेत फक्त शिपाई उरणार होता. तेव्हा कुठे वरच्यांनी तहान लागल्यावर विहीर खणायला घेतली. जाणाऱ्यांच्या डोक्यात जे आहे ते यंत्राला शिकवायचं आणि पुढचं काम यंत्राने करायचं असं ठरलं. रमाकांतांनी पहिल्याच दिवशी त्याचं नाव सूनबाई ठेवलं. ‘घर शिकवा, किल्ल्या द्या आणि बसा मग कोपऱ्यात माळ ओढत,’ असं ते म्हणाले होते, आणि तेव्हा राजलक्ष्मी मनापासून हसली होती.

यंत्राच्या कंपनीतर्फे गरिमा येऊन बसायची. तिशीतली, फाळके बाजारात वाढलेली मराठ्यांची मुलगी, पणजोबा फौजेत होते म्हणून अजून ताठ चालणारी. ती आता खुर्ची ओढून जवळ आली. ‘मॅडम, मराठी मीच ऑन केली,’ ती म्हणाली. ‘तुम्ही दोघं दिवसभर मराठीतच तर बोलता. मला वाटलं, उन्हाळ्यापासूनचं इतकं सारं रेकॉर्डिंग बेकार जाऊन राहिलंय.’

‘ते कामाचं बोलणं नव्हतं गं,’ राजलक्ष्मी म्हणाली.

‘तिला काय माहीत, कामाचं कुठलं आणि बिनकामाचं कुठलं? वो तो सब सुनती है. तिने पकडलं की तुम्ही असं म्हटलं, की रमाकांत सर कागदात काही ना काही कमी काढतात आणि पार्टी परत जाते. दरवेळी.’

रमाकांतांनी शेंगांची टरफलं कागदात गुंडाळली आणि तो पुडा खिशात ठेवला. टोपली त्यांच्या पायाशीच होती.

मराठीचा असा उपयोग राजलक्ष्मी आईकडून शिकली होती. आई तिला सराफ्यात न्यायची, दुकानदाराशी गोडगोड हिंदी बोलायची आणि मध्येच चेहरा तसाच ठेवून म्हणायची, ‘अव्वाच्या सव्वा सांगतोय मेला. उठल्यासारखं कर.’ लहानग्या राजलक्ष्मीला ते फार आवडायचं. भर बाजारात, शंभर माणसांत आपण दोघीच एका खोलीत बसलो आहोत असं वाटायचं. ग्वाल्हेरातली मराठी घरं अशीच जगत आली. दरबार गेला, पागा गेल्या, नोकऱ्या हिंदीत गेल्या, पोरं हिंदीत भांडू लागली, पण पाहुण्यांसमोर साखर संपली हे सांगायला मराठीच लागायची. एकदा मात्र त्या सराफाने आईला स्वच्छ मराठीत सांगितलं होतं, ‘बाई, उठू नका, करतो कमी.’ त्याच्या दुकानात तीन पिढ्या मराठी गिऱ्हाईक, त्याला कळणार नाही तर काय. आई बाड्याच्या चौकापर्यंत पदर तोंडाला लावून हसत आली आणि पुढच्या खेपेला तिने त्याच दुकानात पुन्हा तेच केलं. पडदा विरलेला आहे हे कळूनही माणूस त्याच्याआडच कपडे बदलतो, सवयीचा गुलाम. राजलक्ष्मीने तर त्याच पडद्याआड उभी नोकरी काढली होती.

ते सुरू कधी झालं हे तिला नेमकं सांगता आलं नसतं. एक बाई आठवत होती, हिरवं लुगडं, दोन भावांच्या पाठीमागे भिंतीला टेकून उभी. भाऊ बोलत होते, भाऊ हसत होते, भाऊ पेन पुढे करत होते आणि ती नखाने भिंतीचा चुना खरवडत होती. हिला विचार करायला चार दिवस मिळावेत, एवढंच राजलक्ष्मीला वाटलं, म्हणून ती रमाकांतांना म्हणाली, ‘बाई मागे उभी आहे. आज नको.’ रमाकांत मुळातले भिडस्त, कुणाला नाही म्हणायचं तर त्यांना घाम फुटायचा, पण नियमाच्या आडून नाही म्हणण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हटलं, ‘भाईसाहब, फोटो पुराना है, नया लगाकर लाइए.’ मग ते होतच राहिलं. पुढे उभी राहणारी, दादाशी बरोबरीने बोलणारी, हसून सही करणारी बाई असली तर त्यांनी तिला कधी अडवलं नाही. मागे उभी असली की फोटो जुना निघायचा. काही जणी परत आल्या त्या पुढे उभ्या राहून आल्या, एक तर वकील घेऊन आली. काही पुन्हा तशाच मागे. त्या मागे राहिलेल्यांचं पुढे काय झालं, ते ती मनात आणत नसे. संध्याकाळी कचेरीचे जिने उतरताना तिला आपण बरं माणूस आहोत असं वाटायचं, आणि हे समाधान तिने नवऱ्यापासूनही जपून ठेवलं होतं.

‘मॅडम, काढून टाका हे,’ गरिमा हळूच म्हणाली. ‘मी आपली म्हणून सांगते. तुमच्या मनात काय होतं ते मला समजतं. पण वर रिपोर्ट जाईल की मॅडम काम अडकवत होत्या. आणि काम अडकवलं की लोक कारण एकच समजतात.’

‘मी कुणाचा चहासुद्धा घेतला नाही.’

‘मला माहीत आहे ना. पण तिला कसं समजावणार? तिला तर दोन्ही सारखंच दिसतं.’ गरिमाने पडद्यावर काही खालीवर केलं आणि थांबली. ‘अजून एक आहे. ही तुम्हाला एक सवाल विचारते आहे. तिला ते जुळत नाहीये.’

यंत्राने स्वतःच विचारलं, मराठीत. ‘कुटुंब मराठी असेल तर हा नियम लावलेला आढळत नाही. त्या प्रकरणांत ‘आज नको’ एकदाही म्हटलेलं नाही, काम त्याच दिवशी झालं. हा अपवाद ठेवायचा का?’

रमाकांत म्हणाले, ‘मी जरा पाणी घेऊन येतो,’ आणि गेले ते लवकर परत आले नाहीत.

हे कधी तिच्या ध्यानातच आलं नव्हतं, आणि आता आल्यावर त्यात न कळण्यासारखं काही नव्हतं. मराठी माणसांसमोर मराठीत काय सांगणार? ती समोर असली की पडदाच नसे. तेव्हा ती विचारायची, ‘आजी कशा आहेत? संक्रांतीला नाही दिसलात,’ आणि मागे उभ्या असलेल्या बाईकडे पाहून ओळखीचं हसायची, तीही हसायची आणि सही व्हायची. परक्यांच्या लेकींसाठी तिच्यापाशी युक्ती होती. आपल्या माणसांच्या लेकींसाठी नुसतं हसू होतं. हे तिला एका यंत्राने सांगावं, तेही टोमणा न मारता, याचा तिला रागच आला. टोमणा असता तर उलटून बोलता आलं असतं.

‘उद्यापर्यंत सांगते,’ ती म्हणाली.

‘उद्या नक्की, मॅडम. परवापासून सगळी नवी प्रकरणं तीच बघणार. म्हणजे उद्याच ट्रायल आहे,’ गरिमा म्हणाली.

उद्या. उद्या काय आहे ते राजलक्ष्मीला कुणी सांगायला नको होतं. उद्या तिच्याच घराचं प्रकरण होतं. सासरे दिवाळीनंतर वारले, कंपू भागातलं दुमजली घर त्यांच्या नावावर, वारस दोनच, तिचा नवरा गुरुप्रसाद आणि नणंद विजयाबाई. घरचं प्रकरण म्हणून ते रमाकांतांच्या टेबलावर ठेवलं होतं. दुपारी गुरुप्रसाद बहिणीला घेऊन येणार होते आणि विजयाबाई संमतीची सही करणार होत्या.

प्रवासी टेम्पोत बसून कंपूकडे जाताना तिने स्वतःची समजूत घालून पाहिली. विजूवन्संनी स्वतःच तर म्हटलं होतं. तेराव्याला, पंगत उठायच्या आधी, सगळ्यांच्या देखत त्या म्हणाल्या होत्या, ‘मला काय करायचंय घर? दादाला होऊ दे.’ राजलक्ष्मी तेव्हा पानात लाडू वाढत होती. तिचा हात क्षणभर थांबला होता, मग तिने वन्संच्या पानात एक लाडू जास्त वाढला होता. आणि तिला हायसं वाटलं होतं. हो, वाटलं होतं, मोठ्ठं ओझं उतरल्यासारखं हायसं वाटलं होतं. अंतराला, तिच्या मुलीला, इंदूरची नोकरी सोडून यायचं होतं, वरच्या मजल्यावर शिकवणी वर्ग काढायचे होते, त्याचे नकाशेसुद्धा झाले होते. त्या नकाशात वन्संची खोली कुठे होती? वन्सं पडावात राहत, स्टेशनाजवळ एका हॉटेलच्या मागच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, भाड्याच्या दोन खोल्यांत. यजमान गेले, मूलबाळ नाही, गुडघे गेलेले. रात्रंदिवस गाड्यांचे भोंगे. सासऱ्यांच्या शेवटच्या आजारपणात त्या रोज सकाळी ते तीन जिने उतरून कंपूला यायच्या, वडिलांना अंघोळ घालायच्या, डबा न घेता परत जायच्या. राजलक्ष्मी कचेरीत असायची. परक्यांच्या बहिणींचे फोटो जुने ठरवत असायची. हे मनात आलं आणि टेम्पोत, शेजारच्या बाईच्या भाजीच्या पिशवीवर गुडघा टेकलेला असताना, तिला भरून आलं, पण रडायला येईना.

गुरुप्रसाद बाहेरच्या खोलीत कागद लावत बसले होते. वाईट माणूस नव्हे. बँकेतून निवृत्त, रोज गणपतीला दूर्वा, कुणाच्या अध्यात ना मध्यात. ‘विजूचा फोटो नवा काढून आणलाय,’ ते म्हणाले. ‘तुमच्या ऑफिसात फोटोवरून फार अडवतात म्हणे.’

तिने त्यांच्याकडे पाहिलं. ते सरळच बोलत होते. आता म्हणावं, असं तिला वाटलं. अहो, वन्संना एकदा नीट विचारूया का? एवढंच वाक्य. पण ती म्हणाली, ‘भाजी कुठली करू?’ मराठीत केवढं बोलता येतं, आणि आपल्याच घरात मराठीत बोलायला तिला केवढं जड जात होतं. इथे आड घ्यायला दुसरी भाषाच नव्हती. जेवताना तिच्या मनात एक लबाड विचार आला, आणि तो लबाड आहे हे कळत असूनही तिने तो हाकलला नाही. यंत्राला सांगून टाकायचं, नियम ठेव आणि अपवाद काढून टाक. मग उद्या वन्सं मागे उभ्या राहतील, त्या मागेच उभ्या राहणार, आणि प्रकरण आपोआप थांबेल. थांबवणारं यंत्र. आपण कोण? आपण तर त्याच घरच्या सूनबाई, आपला त्यात हात नाही. नोकरीभर रमाकांतांच्या चष्म्याआडून केलं ते शेवटचं एकदा यंत्राआडून करायचं. वन्संना चार दिवस मिळतील. गुरुप्रसाद मंडळाला शिव्या घालतील, तिला नाही.

सकाळी तिने गरिमाला तेच सांगितलं. गरिमाने दोनदा विचारलं, ‘पक्कं ना, मॅडम? नंतर बदलता येणार नाही.’ मग म्हणाली, ‘पण हिला डोळे नाहीत. मागे कोण, पुढे कोण, हे ती पाहू शकत नाही. तर मी त्याचा प्रश्न करून देते. सही घेण्याआधी ती विचारेल, जो टेबलवर असेल त्याने हो किंवा नाही दाबायचं. चालेल?’ राजलक्ष्मी चालेल म्हणाली. तिला हलकं वाटलं. चहा प्यायली, रमाकांतांकडची एक शेंगही खाल्ली. आपण जाऊ, आपल्या मागे एवढं तरी राहील, असं काहीबाही मनात येत राहिलं.

ते दोघे दुपारी आले. पुढे गुरुप्रसाद, हातात कागदांची पिशवी, आणि दोन पावलं मागे विजयाबाई. जिन्याने दमलेल्या, एक हात गुडघ्यावर. नवी साडी नेसल्या होत्या, कचेरीत जायचं म्हणून. राजलक्ष्मीला पाहून हसल्या. ‘केवढं ऊन आहे, वहिनी,’ असं काहीतरी म्हणाल्या आणि भावाच्या पाठीमागे जाऊन उभ्या राहिल्या, कपाटाला लागून. बसायची खुर्ची पुढेच होती.

रमाकांतांनी कागद पाहिले, एकेक आकडा यंत्राला भरवला, सगळं जुळलं. मग यंत्र म्हणालं, मराठीतच, कारण कुटुंब मराठी होतं, ‘महिला वारस समोर उभ्या आहेत का? नसल्यास आज संमती घेता येणार नाही.’

रमाकांतांनी राजलक्ष्मीकडे पाहिलं. त्यांचं बोट ‘नाही’वर होतं, तिने फक्त पापणी हलवायची. एवढ्यात गुरुप्रसाद वळले आणि अगदी मायेने, जिना उतरताना हात द्यावा तसे, म्हणाले, ‘विजू, पुढे ये गं. इथे समोर उभं राहायचंय म्हणतात.’

‘माझ्यामुळे अडलं का?’ विजयाबाई ओशाळून म्हणाल्या. ‘मला काय ठाऊक.’ आणि त्या पुढे आल्या. टेबलाच्या कडेला हात टेकून समोर उभ्या राहिल्या. नियमाप्रमाणे सगळं ठीक झालं. रमाकांतांचं बोट थोडा वेळ तसंच राहिलं, मग त्यांनी ‘हो’ दाबलं. खोटं कसं दाबणार? बाई समोर उभी होती. यंत्र म्हणालं, ‘संमती घेता येईल.’

तेव्हा राजलक्ष्मीला कळलं की उद्यापासून हे असंच होणार. ओळीने भाऊ येतील, बहिणींना हाताला धरून पुढे उभं करतील, आणि चुना खरवडायला भिंतसुद्धा हाताशी राहणार नाही. तिने शिकवलेलं सगळं यंत्राने घेतलं होतं. तिने स्वतः जे कधी केलंच नव्हतं ते त्याला कुठून येणार? इतक्या वर्षांत तिने त्या बायांबद्दल रमाकांतांना सांगितलं होतं. एकीलाही विचारलं नव्हतं, बाई, तुला काय पाहिजे.

गुरुप्रसादांनी पेन उघडून बहिणीच्या हातात दिलं. विजयाबाईंनी चष्मा लावला, सहीची जागा शोधली आणि मग मान वर करून, घरात ‘वरणात मीठ टाकू का’ विचारतात तितक्या सहज विचारलं, ‘वहिनी, इथेच करू ना?’

समोर गरिमा होती, तिला मराठी येत होती. रमाकांतांना येत होती. नवऱ्याला येत होती. यंत्रालाही येत होती. राजलक्ष्मीच्या डोळ्यांपुढे अंतराचे नकाशे आले, तेही पाहून झाले.

‘नका करू,’ ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही. ‘वन्सं, अर्धं घर तुमचं आहे. खालच्या दोन खोल्या तुम्हाला पाहिजेत की नाही, हे तुम्हाला कुणी विचारलेलं नाही. मीसुद्धा नाही.’

गुरुप्रसाद म्हणाले, ‘अगं, हे काय?’ गरिमा पडद्याकडे पाहत राहिली. विजयाबाईंनी चष्मा काढला. त्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. त्यांना आनंद झाला असेल अशी राजलक्ष्मीची कुठेतरी अपेक्षा होती. तसं काही दिसलं नाही. त्या परक्या माणसांसमोर बोलू नये ते बोलावं लागतं आहे अशा संकोचाने म्हणाल्या, ‘हे घरी का नाही बोललात, वहिनी? मी रोज येत होते.’

यंत्र प्रकरण थांबवण्याचं कारण विचारू लागलं, तसा गरिमाने त्याचा आवाज बंद केला. विजयाबाईंनी पेनाला टोपण लावलं, ते भावाच्या खिशाला अडकवलं, आणि त्याचा दंड धरून म्हणाल्या, ‘चल दादा. घरी जाऊन बोलू.’ जिन्यावरून त्यांच्या उतरण्याचा आवाज येत राहिला, एक पायरी, मग थांबणं, मग दुसरी. रमाकांतांनी पुढचं प्रकरण घेतलं. कचेरी सुटायला अजून अवकाश होता, आणि सुटली की राजलक्ष्मीलाही त्याच घरी जायचं होतं.